एन्झाइमला दिलेली उकळी

एन्झाइम उकळलं की मेलं, त्याचं काम कायमचं बंद, हे परभणीला शेतीचं शिकताना आम्हाला पाठच होतं. म्हणून तर ही गंमत ऐका.

मी तेव्हा बुरशीतून एन्झाइम काढायचो. त्याचा थेंब टोमॅटोच्या पानावर ठेवला की झाडाला वाटतं, बुरशी घरात शिरली. मग ते थेंबाखालची जागा स्वतःच जाळून टाकतं, म्हणजे बुरशीला पुढं जायला वाटच उरत नाही. पानावर तपकिरी ठिपका तेवढा दिसतो.

एकदा प्रयोगशाळेतली लाइट गेली, फ्रीज बंद पडला. महिनाभराच्या मेहनतीची ती एकच बाटली मी खोलीवर आणली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली. सकाळी घरमालकीण मावशी म्हणाल्या, "तुमचं औषध नासायलं व्हतं. एक उकळी देऊन ठेवलंय."

आमचे सर माझ्यावर असे उखडले! "मेलेल्या चोराला झाड भितं का रे?"

तरी मी थेंब ठेवलेच. दुसऱ्या दिवशी पानांवर ठिपकेच ठिपके. सर भिंग लावून बघतच राहिले. "म्हणजे चोरानं काही करायची झाड वाटच बघत नाही? नुसत्या तोंडावरून ओळखतं?"

पुढची बाटली तयार झाली तशी सर स्वतः आमच्या दारात हजर. "मावशी, त्या दिवशीसारखीच उकळी द्या."

"देते की, सायेब," मावशी म्हणाल्या. "पण ह्या बारीला पातेलं तुमचं आणा. आमच्या चहाला आजून त्योच वास यायलाय."