पोटातलं पाणी

दादा : शटर उघड, चिमे. शेवटचं सांगतोय.

चिमी : मघाचंही शेवटचंच होतं, दादा.

दादा : माझी बायको आत आहे.

चिमी : आहे ना. माझ्या दुकानात, टायरांच्या ढिगामागे गोणपाटावर पडलीय. पोटावर तुझ्या बुटाचा ठसा घेऊन आलीय. रिक्षातून उतरली ती वाकूनच, अजून सरळ झालेली नाही.

दादा : ठसा बघितलास, पोट नाही बघितलंस? धरणाच्या कामावर डंपर चालवत होतो मी. पावसाळा तिकडे काढला, हिवाळा तिकडे काढला. घरी आलो तर ही एवढं पोट घेऊन दार उघडते. आणि म्हणते गॅस झालाय.

चिमी : खरं तेच म्हणाली. तिला तसंच सांगितलं होतं डॉक्टरने.

दादा : गल्लीतला शिंपी मला म्हणतो, या वयात पाळणा हलवणार, मानलं तुम्हाला. ओट्यावरचे सगळे हसले. काय बोलणार होतो मी?

चिमी : म्हणून पाय बोलला.

दादा : नाव विचारलं मी तिला. नुसतं नाव. सांगितलं असतं तर हात लावला नसता.

चिमी : नसलेल्या माणसाचं नाव ती आणणार कुठून?

वहिनी : वन्सं, घोटभर पाणी देता? थंडी वाजतेय हो.

चिमी : नुसते ओठ ओले कर. अगं, घामाने भिजलीस की तू. खांद्यात दुखत होतं ते अजून आहे?

वहिनी : आहे. पोटाला हात लावू नका. दगड झालाय त्याचा.

दादा : नाटकं आहेत सगळी. चिमे, मी टेम्पो मागे घेतोय. शटरसकट आत येईन.

चिमी : शटरला लागून हवेचा कॉम्प्रेसर आहे. धडकलास तर टाकी फुटून तूही जाशील आणि आम्हीही. दादा, गाडी बंद कर. अरे बंद कर, उघडते. तुझ्यासाठी नाही उघडत. हिला इस्पितळात न्यायचंय, आणि दारात गाडी तुझीच आहे.

दादा : बाजूला हो.

चिमी : आधी तो जॅकचा दांडा खाली ठेव.

दादा : बाजूला हो म्हटलं ना. ऊठ गं. ऊठ, नाहीतर फरफटत नेईन.

वहिनी : अहो, केस सोडा. येते मी. सोडा हो, उठवत नाही मला.

चिमी : सोड तिला. दादा, मी हाणेन. सांगतेय, हाणेन मी.

दादा : तू मला काय हाणणार, तू तर... आई गं. हात. हात मोडलास माझा.

चिमी : मनगट मोडलंय, हात नाही. ट्रकचे टायर उचकटायची पहार आहे ही. दुसरं मनगट शाबूत ठेवायचं असेल तर भिंतीला टेकून बस.

दादा : सख्ख्या भावावर हत्यार उचललंस.

चिमी : उचललं. आता इकडे, माझ्या पोटाकडे बघ. मान वळवू नकोस, बघ. बेंबीच्या वरपासून पार खालपर्यंत. बॅगेला चेन लावल्यासारखी शिवण आहे.

दादा : शर्ट खाली कर. ठाऊक आहे, तुझ्या गाठीचं ऑपरेशन.

चिमी : गाठ कुठली?

दादा : पोटातली.

चिमी : पोटातली. घरात तेवढंच बोलायचं ठरलं होतं, कारण त्या जागेचं नाव घ्यायला आईला लाज वाटायची. अंडाशयाचा कॅन्सर होता तो. सुरुवात कशी झाली आठवतंय? पोट फुगलं. दोन घास खाल्ले की गळ्याशी यायचं. सारखं लघवीला पळायचं, कंबर धरायची, पॅन्टचं बटण लागेना. आणि डॉक्टर मला वर्षभर गॅसच्या गोळ्या चारत होता. तू म्हणालास, चिमीला दुकान मानवलं, अंगाने भरली.

दादा : म्हणालो असेन.

चिमी : पाणी होतं ते. पोटात साचलेलं कॅन्सरचं पाणी. भांडी भरभरून काढलं. माझ्या शेजारच्या खाटेवर एक बस कंडक्टर होती. तिला अख्खा डेपो विचारायचा, बाई, कितवा? ती हसण्यावारी न्यायची. कळलं तेव्हा रोग आतड्यांवर पसरला होता. तरी वाचली. आता सुट्टीच्या दिवशी दवाखान्यांतल्या बायकांच्या रांगेत जाऊन बसते आणि सांगते, पोट फुगलं आणि दोन-तीन आठवडे उतरलंच नाही, तर गोळीवर गप्प बसू नका, सोनोग्राफी करा म्हणा. मीही जाते तिच्याबरोबर. वहिनीलाही फोनवर हेच सांगितलं होतं. ती म्हणाली, हे आले की विचारते.

वहिनी : तुमची वाट बघत होते हो. तुम्ही हो म्हणालात की जाणार होते.

दादा : म्हणजे मूल नाही?

वहिनी : माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली. तुम्ही कधी विचारलंत?

चिमी : वहिनी, बोलू नकोस. ओठ पांढरे पडलेत तुझे. दादा, किल्ली.

दादा : मी चालवतो.

चिमी : कुठल्या हाताने? किल्ली दे, आणि चांगला हात हिच्या गुडघ्यांखाली घाल. खांदे मी धरते. पोटाला धक्का लागता कामा नये. हळू. अजून हळू.

दादा : केवढी हलकी झालीय ही.

वहिनी : घास उतरतो कुठे.

(काही दिवसांनंतर. इस्पितळाचा व्हरांडा. वहिनीचं ऑपरेशन झालं आहे. दादाचा उजवा हात प्लास्टरमध्ये.)

दादा : काय म्हणाली डॉक्टरीण?

चिमी : दोन्ही अंडाशयं काढली, गर्भाशय काढलं. एका बाजूला नारळाएवढी गाठ होती. ती आत फुटली होती आणि रक्त वाहत होतं. तपासणीचा निकाल आज आला. कॅन्सरच आहे.

दादा : माझ्या लाथेने झाला?

चिमी : नाही. तो आधीपासून वाढत होता. तुझ्या लाथेने गाठ फुटली आणि आतलं पोटभर सांडलं. त्यामुळे धोका वाढलाय. आता किमो द्यायची, आणि बघायचं. रडायचं असेल तर खाली जाऊन रड, तुझी समजूत काढायला मला वेळ नाही.

दादा : हवालदार येऊन गेला म्हणे.

चिमी : वहिनीने जबाब दिला. मी नुसती उशाशी उभी होते. तुझं मनगट मी मोडलं, तेही सांगून टाकलं. माझं जे व्हायचं ते होईल.

दादा : मला भेटू दे तिला.

चिमी : विचारून आले. दारात उभा राहा म्हणाली. उंबरा ओलांडायचा नाही.

दादा : कशी आहेस?

वहिनी : चिरलेली आहे. पण आहे.

दादा : मला कळलं नाही गं. मला वाटलं...

वहिनी : वाटलं तुम्हाला. समजा, खरंच मूल असतं. तरी लाथ मारलीत कशी?

दादा : लोक हसले गं मला.

वहिनी : राहू द्या. उत्तरासाठी नाही बोलावलं. मी इथून वन्संकडे जाणार आहे, दुकानामागच्या खोलीत. किमो तिथूनच घेईन. त्या कंडक्टरबाई काल येऊन गेल्या. केस सगळे गेले होते म्हणे त्यांचे. आता वेणी येते, ती मला हातात धरायला दिली.

दादा : आणि घर?

वहिनी : घराचं आत्ता काढू नका. एक काम आहे, ते तुमच्यावाचून व्हायचं नाही. डॉक्टरांना तुमचं रक्त तपासायचंय.

दादा : माझं? मला काय झालंय?

चिमी : हा रोग काही घरांत रक्तातून चालत येतो. माझ्या रक्तात तो दोष निघाला. तुला निरोप धाडला होता, येऊन तपासून जा. तू म्हणालास, सुट्टी नाही. तो दोष तुझ्यातही असू शकतो, दादा. पुरुषाला सुटका नाही त्यातून. आणि बापाकडून तो लेकीकडे जाऊ शकतो.

दादा : आपल्या पोरीकडे.

वहिनी : माझंही रक्त घेतलंय. माझ्याकडून असेल, तुमच्याकडून असेल, कुणाकडूनच नसेल. पण तिला आजच कळायला हवं. तिचं पोट फुगायची वाट नाही बघायची.

दादा : तू सांग ना. ती तुझंच ऐकते.

वहिनी : बोललं की टाके ओढतात. आणि मी तिला इतकी वर्षं जे सांगत आले, ते खरं नव्हतं. आता तुम्ही सांगा. पोटाचं सांगा, रक्ताचं सांगा, आणि मी इथे कशी आले तेही.

दादा : ती माझं तोंड बघणार नाही परत.

वहिनी : नाही बघणार कदाचित.

चिमी : फोन लावलाय. डाव्या हाताने धर. वाजतोय.

दादा : हॅलो. मी बोलतोय, बाबा. अगं, आई इस्पितळात आहे. हो, शुद्धीवर आहे, आत्या आहे जवळ. तुलाही डॉक्टरांना भेटायचंय, ते सांगतो सगळं. नाही गं, पडली नाही ती. नाही. मागच्या वेळीही पडली नव्हती.