कोंबड्याची ताटली

मंडळी, उत्तमराव सर गेले म्हणून त्यांच्या अंगणात तुम्ही एवढे जण आलात. नोकरीभर आम्ही परतूरच्या शाळेत शेजारी शेजारी वर्ग घेतले. तरी माणूस कळला असं म्हणायला जीभ रेटत न्हाई.

त्यांचा नाद तुम्हाला ठाऊकच आहे. अमेरिकेच्या जुन्या, हातानं रंगवलेल्या चिनीमातीच्या ताटल्या. नव्वद सालच्या आसपास अमेरिकन मिशनचे गोरे लोक मायदेशी गेले, त्यांचं सामान जालन्याच्या भंगारात आलं. मंग आमचे सर दर रविवारी तिथं. ताटली उलटी करायची, मागचा शिक्का बघायचा, टिचकी मारायची. आवाज बराबर आला की घेतली. वहिनी वैतागायच्या. डबे ठेवायला जागा न्हाई, अन् कपाटात सगळी अमेरिका.

मी पहिल्यांदा या घरी जेवायला आल्तो, तेव्हा सगळ्यांना स्टीलची ताटं आणि मला ताटली. पिवळी, मधोमध लाल कोंबडा. आता मी बौद्धवाड्यातला. लहानपणी आम्हाला पाटलाकडं चहा मिळायचा तो गोठ्याच्या वळचणीला ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात. घरची भांडी वेगळी, आमची चिनीमाती वेगळी. मंग मी काय समजायचं? मान, का तोच कप रंगवलेला?

विचारलं न्हाई. जेवलो. दरवेळी तीच ताटली. एकदा म्हणालो, "सर, मलाबी स्टीलचं द्या." तर म्हणाले, "का? कोंबडा आवडला न्हाई?" ते हसले. मीबी हसलो. सायकलवर घरी जाईपर्यंत मात्र तेच डोक्यात.

आज सकाळी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या कोंबड्याच्या ताटलीची जोडी शोधत होते हो ते. तुमच्या शेजारी तसल्याच ताटलीत जेवायचं होतं त्यांना. मागच्या रविवारी सापडली. या रविवारी तुम्हाला बोलावणार होते."

आज रविवारच आहे, मंडळी.

वहिनी खोटं बोलणार न्हाईत. पण सर, जोडी मिळेपर्यंत दोघं स्टीलमध्ये जेवलो असतो की! तुम्हाला त्या कपाचं ठाऊक नव्हतं? का ठाऊक होतं, म्हणूनच आपली आवडती ताटली मला दिली? आता मी कुणाला विचारू?

वहिनींनी दोन्ही ताटल्या माझ्यापुढं ठेवल्या. बिलकुल सारख्या. इतकी वर्षं जेवलो, पण त्यातली माझी कोणती, मला ओळखू येईना.

उठा मंडळी. थोडा वेळ सगळे गप उभे राहू.