शेणकिड्यांचं शूटिंग

भिवापूरहून नागपूरला येणाऱ्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर दोघी जणी बोलत होत्या.

"भागीरथाबाई, नवी साडी? कोणाचं लग्न आहे काय?"

"लग्न नाही वं वंदना. आमच्या दामिनीचा सिनेमा दाखवून राहिले आज नागपुरात."

"दामिनी तं मिहानातल्या कंपनीत नोकरीले आहे ना?"

"नोकरी सोडून चार वर्षं झाली. तुले सांगाची लाज वाटे मले."

"काहून? सिनेमाची कायची लाज?"

"शेणकिड्यावर आहे तो. शेणाचा गोळा ढकलत नेते ना, तो किडा."

"अव माय! त्याचा सिनेमा?"

"चार वर्षं गोठ्यामागं कॅमेरा घेऊन पालथी पडून होती पोरगी. पहिल्या दिवशी तं म्याच घोळ केला. कॅमेरा येणार म्हणून पहाटेच उठली, सारं शेण उचललं, झाडलं, रांगोळी काढली. एक किडा राहिला नाही."

"चिडली असन!"

"रडली वं. मंग म्या चार घरचं शेण मागून आणलं, टोपलं भरभरून. आठ दिवसांनी आले किडे."

"अन् आता?"

"आता तिच्या बाबांनी तिकडं झाडू नेला का मीच ओरडतो."

"मले नेतं काय पाहाले?"

"चाल ना! चार वाजता आहे."

मी हसू दाबत खिडकीबाहेर पाहत होतो. तेवढ्यात खांद्यावर बोट टोचलं.

"भाऊ, भिवापूरपासून कान देऊन राहिले तुम्ही. तुम्हीही चला. शेणकिड्याचा आहे, आधीच सांगतो. माह्या पोरीनं काढला."