गोऱ्याच्या थडग्याला लावलेला कौल

थडग्याला कौल लावलेला कुणी बघितलाय काय? आम्ही सुप्याच्या जंगलात लावलाय.

तिथं जंगल खात्याच्या एका जुन्या गोऱ्याचं थडगं हाय. त्याचा दगड कलंडला होता, आणि धारवाडचा थोरला साहेब बघायला येणार होता. म्हणून हिवतापानं पिवळा पडलेल्या आमच्या गोऱ्या साहेबानं मला, गवंड्याला, बोलावलं. "सरळ कर!"

मी पहार लावणार, तेवढ्यात धाकू गुरव आडवा आला. "विचारल्याबिगर मेलेल्याला हलवायचं न्हाई." कौल लावायला त्यानं दगडावर दोन ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

मग गाऱ्हाणं घालायला हात जोडले, आणि साहेबाकडं वळला. "साहेब, ह्याला आमची भाषा कशी कळंल? तुम्हीच इंग्रजीत विचारा."

पिवळा साहेब लाल झाला. लई ओरडला. पण माझ्या हाताखालचे गडी हलेनात, मीबी हलेना. शेवटी त्यानं टोपी काढली, बूट काढले, आणि दगडापुढं वाकून बराच वेळ पुटपुटला.

टप्पकन उजवी कळी पडली!

"दिला! म्हाताऱ्यानं होकार दिला!" म्हणत मी पहार उचलली.

"थांब!" साहेबाच्या तोंडभर हसू. "आम्ही दगडाचा नाय विचारला."

"मग?"

"या जंगलातून आमचा बदली होईल काय, ते विचारला."

धाकूनं शांतपणे नव्या कळ्या पाण्यात बुडवल्या. म्हणाला, "साहेब, बूट एवढ्यात घालू नका. दगडाचं राहिलंय."