डोहातल्या माशांचा कौल

भिवा : म्हणजे बाटले! असं सरळ सांग ना, पोरी. मघापासून तोंडात गुळणी धरल्यासारखी काय उभी?

नेत्रा : बाटले नाहीत हो, भिवाकाका. संकर झालाय. दोन वेगळ्या जातींच्या माशांची जोडी जमली, त्यांना पिल्लं झाली, त्या पिल्लांना पुढे पिल्लं झाली. नदीत होतं असं.

भिवा : तेच ते. भागोजी, तू देवाचा गुरव, उद्या म्हणशील कानावर आलं नाय. डोहातले देवाचे मासे अस्सल राहिले नाहीत. गावकीत काय ठरलं होतं?

भागोजी : ठरलं ते ठरलं. देवळात उभा आहेस, ओरडतोस कशाला?

भिवा : काय ठरलं होतं ते हिच्यासमोर बोल.

भागोजी : माशांच्या शेपटीचा नखभर तुकडा कापून तपासायला न्यायची हिला परवानगी. अस्सल निघाले तर मासे देवाचे, कोणी बोट लावायचं नाय. भेसळ निघाली तर...

भिवा : तर गावानं खायचे! माझ्या घरी कालवणाच्या मसाल्याचं वाटप तयार आहे. बायको सकाळपासून पाट्यावर बसलीय. नारळ, मिरची, तिरफळं. खाली डोहावर माणसं टोप घेऊन उभी आहेत. अरे ए, थांबा रे! जाळं टाकू नका अजून! मी सांगितल्यावर!

नेत्रा : मी अजून निकालही सांगितला नव्हता, आणि वाटप झालं पण?

भिवा : एसटीतून उतरलीस ती मयताला आल्यासारखी. तेव्हाच कळलं मला.

नेत्रा : खरं सांगू? खोटं बोलावंसं वाटत होतं. राजापूर सुटल्यापासून खिडकीत बसून तेच घोकत होते. 'अस्सल आहेत' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. नाही जमलं. खोटंच सांगायचं होतं तर एवढी दोन वर्षं पाण्यात भिजत तपासलं कशाला?

भागोजी : शाणी गो माझी बाय! जरा कमी शाणी असतीस तर बरं झालं असतं.

नेत्रा : काका, ऐका ना माझं. त्या डोहात अजून थोडे अस्सल मासे आहेत. वरून बघून मलाही ओळखता येत नाहीत. जाळं टाकलंत तर तेही जाणार. मग हा मासा या नदीत परत दिसायचा नाही. मला भीती वाटते हो.

भिवा : अस्सल असतील तेवढे परत सोडू की.

नेत्रा : ओळखणार कसे?

भिवा : चवीवरून.

नेत्रा : चव कळेपर्यंत तो तुमच्या पोटात असेल ना!

भिवा : मग मी काय करू? जन्म गेला माझा त्या पाण्याकडे बघण्यात. हाताएवढाले मासे, मेले पायाशी येऊन खेळतात, आणि मी घरी जाऊन भाकरीबरोबर सुकट चावतो. तुला काय त्याचं? तुझी आई बंदरावर मासे विकते. तुझ्याकडे रोज पापलेट.

नेत्रा : विकणारीच्या घरी पापलेट शिजत नाही, काका. ते गिऱ्हाईकाच्या घरी शिजतं. आणि गोड्या पाण्यातल्या माशाला चव नसते. काटे किती, वर चिखलाचा वास.

भिवा : डोहातला खाल्लायस कधी?

नेत्रा : देवाचा? नाही बाई!

भिवा : मग गप.

भागोजी : पण हे बाहेरचे डोहात शिरले कुठून?

भिवा : आता मला विचारतोस? तो मुंबईचा शेठ आला होता ना नवस फेडायला. टेम्पो भरून पिल्लं आणली, पाण्याच्या पिशव्यांतून. बँजो लावून वाजत गाजत सोडली.

भागोजी : आठवलं. तूच पुढे नाचत होतास.

भिवा : सगळा गाव नाचत होता!

भागोजी : पण टेम्पोवर चढून तू एकटाच. बरं, ते जाऊ दे. भिवा, गावकीनं ठरवलं ते मान्य. पण डोह देवाचा. त्याला विचारल्याशिवाय जाळं पडायचं नाय. मी कौल लावतो.

भिवा : लाव. देव काय तुझ्या एकट्याचा आहे?

नेत्रा : म्हणजे पिंडीला ओल्या पाकळ्या चिकटवणार, आणि कुठली आधी पडते त्यावर माझ्या माशांचा जीव?

भागोजी : तुझ्याकडे दुसरा उपाय आहे?

नेत्रा : नाही.

भागोजी : मग चपला बाहेर काढ आणि इथे ये. आधी गाऱ्हाणं घालायला लागेल. देवाला कूळ नीट सांगायचं. हां, बोल, या माशांचा बाप कोण?

नेत्रा : बाहेरचा. त्या टेम्पोतला.

भागोजी : आणि आई?

नेत्रा : आई इथलीच.

भागोजी : कोणाकोणाची?

नेत्रा : सगळ्यांची. पेशीत एक भाग असा असतो की तो फक्त आईकडूनच येतो, बापाचा त्यात काही वाटा नाही. तोही तपासला मी. जेवढ्या माशांचे तुकडे नेले त्यांच्या आया, आज्या, पणज्या याच डोहातल्या.

भागोजी : आणि हे तू आता सांगतेस?

नेत्रा : संकर तो संकरच ना, काका? त्यानं काय फरक पडतो?

भागोजी : अगो, फरक पडतो म्हणजे! भिवा, तुझी बहीण सोनूबाई आंजर्ल्याला दिलीय. मे महिन्यात तिची पोरं तुझ्याकडे येतात, ती कोण?

भिवा : कोण म्हणजे? भाचरं माझी. रायवळ म्हणत नाहीत, हापूस म्हणत नाहीत, झाडाला एक आंबा ठेवत नाहीत मेली.

भागोजी : आणि त्यांचा बाप कुठला?

भिवा : आंजर्ल्याचा... ए गुरवा, कुठे चाललास तू? माशांचं बोल.

भागोजी : माशांचंच बोलतोय. चल, हात जोड. तू मानकरी, 'होय' तूच म्हणायचंस. बा देवा महादेवा! आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी आहेत रे महाराजा!

भिवा : होय महाराजा!

भागोजी : तुझ्या डोहातल्या लेकींना बाहेरगावचे घरजावई आले, ते या भिवानं टेम्पोवर नाचत आणले रे महाराजा!

भिवा : हे कशाला सांगायला पाहिजे?

भागोजी : देवापासून लपवतोस? होय म्हण.

भिवा : होय महाराजा.

भागोजी : त्या जावयांचं जे काय... पोरी, काय गो ते?

नेत्रा : डीएनए.

भागोजी : ते डीएनए आपल्यात मिसळलं. या पोरीनं ते तपासलं आणि जिवावर आलं तरी खरं ते सांगितलं रे महाराजा!

भिवा : होय महाराजा.

भागोजी : लेकीचं पोर ते माहेराचं भाचरू रे महाराजा!

नेत्रा : होय महाराजा!

भिवा : तू नको म्हणू. तुझा मान नाय.

भागोजी : मग तू म्हण.

भिवा : होय... महाराजा.

भागोजी : आणि त्या भाचरांसाठी कोणी घरी वाटप करून बसला असंल, तर त्याच्या बुद्धीकडे तूच बघ रे महाराजा!

भिवा : भागोजी!

भागोजी : गाऱ्हाणं मधेच मोडता येत नाय. देव कोपतो.

भिवा : होय महाराजा. आवर आता.

भागोजी : मासे तुझे म्हणून सांभाळायचे असतील तर उजवी दे. गावाला खायची मोकळीक असंल तर डावी दे. आता कोणी बोलू नका.

(पिंडीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या. तिघेही टक लावून बघतात.)

नेत्रा : पड ना रे. उजवी पड.

भिवा : तू शास्त्रज्ञ ना गो?

नेत्रा : गप्प बसा हो, काका.

भागोजी : हलली... हलली... पडली!

भिवा : कुठली? मला इथून दिसत नाय. भागोजी, तू बोलू नको, तुझा भरवसा नाय. पोरी, तू सांग.

नेत्रा : मी?

भिवा : तूच. तुला खोटं बोलता येत नाय, एवढं कळलं मला.

नेत्रा : डावी.

भागोजी : अगो बाय माझे! मधोमध पडली म्हणायचंस तरी!

नेत्रा : डावीच आहे. सांगवत नाही, पण डावीच आहे. काका, जाळं टाकायच्या आधी मी एकदा खाली जाऊन त्यांना बघून येऊ?

भिवा : कसलं जाळं?

नेत्रा : देवानं मोकळीक दिली ना.

भिवा : दिली असंल. महादेवाला कुठली बहीण? मला आहे.