मालकाचा डबा

शहागडच्या न्हाव्याकडं साहेबराव हाटेलवाले खुर्चीत बसले होते. तोंडभर फेस, गळ्याशी वस्तरा. मागं बाकावर दोन पाहुणे. दाजींनी सुट्टीपुरती नदीकाठी खोली घेतलेली, अन् मेव्हणा कालच आलेला.

"दाजी, खोलीपासून पायी जाण्याजोगं हाटेल कोन्तं?"

"ष्टँडापाशी भजे बरे हायेत. तेल तेवढं मागच्या जत्रेचं."

"अन् ते पिंपळाखालचं?"

पिंपळाखालचं साहेबरावांचंच. त्यांनी कान टवकारले.

"तिथं लाल पान्यात बटाटा पोहून राह्यला."

"हालू नका शेठ, कापंल!" न्हावी म्हणाला.

"पन मालक सवता काय खातो, ठावं हाय का? घरचा डबा!"

"काय सांगता!"

"मंग डबा आननारी बाईच गाठली. म्हनलं, माय, परगावचा हाय, पोटाचे हाल होऊन राह्यले. ती म्हनली, घरी येत जा, चार घास जास्तीचे टाकीन. आठ दिस झाले, बिलकुल हाटेलात गेलो न्हाई."

आठ दिवसांपासून साहेबरावांच्या डब्यात एकच भाकर येत होती. बायको म्हणायची, उन्हाळ्यात कमीच खावं.

"चल जल्दी. आज वांग्याचं भरीत हाय. मालक दाढीला जानार हायेत, तवर जेवून घ्या म्हनली."

"अन् आपली दाढी?"

"दाढी कुठं पळती? भरीत संपंल."

दोघं निघाले. साहेबराव फेसासकट उठले.

"शेठ, आर्धी दाढी राह्यली!"

"राहू दे. भरीत संपंल."