परत आलेलं ताट

माझं नाव चांगुना. माहेर शहापूरकडचं, आसनगावापासून चालत तासाभरावर, आनि सासर इकडं मुरबाड तालुक्यात, धसईच्या अंगाला, म्हंजे एका तालुक्यातून उठले नि शेजारच्या तालुक्यात येऊन बसले, मधे काय जग बघितलं असंल ते एसटीच्या खिडकीतून. भात लावला, भात कापला, धसईच्या बाजारात काकड्या नि वालाच्या शेंगा घेऊन बसले, एक पोरगा झाला, दिनेश, तो वाढवला. आनि अशी ही बाई एक दिवस मोठ्या जहाजात जाऊन बसली, चार दिवस, मुंबईहून गोव्याच्या पुढं नि परत. गावात कोनी भेटलं का तेच विचारतात, चांगुनाकाकी, जहाजात काय काय खाल्लंस गो? मी सांगते. सांगून सांगून पाठ झालंय. पन ताई, तुमी वही उघडून बसलात, तर आज ते पाठ केलेलं नाय सांगत. आज जे झालं ते सांगते.

आमचे हे टोकावड्याला ढाब्यावर आचारी व्हते. माळशेजला जानारे ट्रकवाले, पावसाळ्यात धबधबे बघायला येनारी मुंबईची पोरं, सगळे यांच्या हातचं खाऊन जायचे. तीस वर्षं त्या भट्टीसमोर काढली यांनी. बोलनं कमी, आनि तोंडावर कौतुक तर नायच. यांचं एक व्हतं, गिऱ्हाईकाला कधी विचारायचे नाय का जेवन कसं झालं. म्हनायचे, तोंड खोटं बोलतं, परत आलेलं ताट बघायचं. मोरीजवळ उभे राहून ताटं बघायचे, कोनी किती टाकलं, काय टाकलं. दिनेश सुट्टीचा तिथं पीठ मळायला जायचा, त्यालाही हेच शिकवलं, अरे त्यांची तोंडं काय बघतोस, ताट बघ. काय सांगू तुमाला, ते शिकवलं नसतं तर बरं झालं असतं.

आनि दुसरी एक गोष्ट सांगते, ती नाय सांगितली तर पुढचं कळायचं नाय. आमच्या घरात बायको नवऱ्याच्या मागून जेवते, त्याच ताटात. सासूनं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं, वेगळं ताट घ्यायचं नाय. मला राग आला नाय असं नाय. पहिलं वरीस मी त्या उष्ट्या ताटावर रडले पन. मंग सवय झाली, मंग हे माझ्यासाठी मुद्दाम ठेवायला लागले, सुक्या बोंबलाचा मधला तुकडा, भाकरीचा पापुद्रा, कधी नुसती कांद्याची फोड. यांनी आयुष्यात गोड शब्द बोललेला मला आठवत नाय, पन ताटात काय ठेवलंय ते बघून मला कळायचं आज मन कसं हाय. चाळीस वर्षं. आताच्या पोरींना सांगितलं तर हसतात. हसू द्या.

दिनेश मोठा झाला, हॉटेलाचं काहीतरी शिकला कल्यानला, आनि जहाजावर लागला, पाव भाजायच्या खात्यात. यांना वाटत व्हतं पोरगा ढाब्यावर आपल्या जागी उभा राहील. लय लागलं यांना. म्हनाले, पाव भाजायला कोन समुद्रात जातो रे? इथं काय भूक मेलीय लोकांची? दिनेश गेला. सुट्टीला आला का घरी काय काय बनवायचा, हे त्याच्या हातचं खायचे नाय. पोट भरलंय म्हनायचे. सात वर्षं असं चाललं. बापलेक एका घरात, मधे मी, याचं त्याला सांगायचं नि त्याचं याला.

मंग यांचा घसा धरला. पैला वाटलं भट्टीचा धूर. भाकरी अडकायची, पान्याचा घोट घेऊन उतरवायचे. दिनेश सुट्टीवर व्हता तवा मुरबाडच्या डॉक्टरकडं घेऊन गेला, डॉक्टरनं औषध दिलं आनि बोलला, खानं कसं जातंय त्यावर नजर ठेवा, नायच गेलं तर वेळ घालवू नका, ठाण्याला जाऊन घशात दुर्बीन घालून बघा. दिनेशनं ठाण्याची तारीख घेऊन ठेवली. आनि त्याच्या आधीच्या हप्त्यात हे जहाजाचं जुळलं. जहाजावरच्या कामगारांना आईबापाला एकदा नेता येतं म्हने. दिनेश बोलला, बाबा, चला, हवापालट होईल, मी काय काम करतो ते बघा तरी. हे हो म्हनाले. मी चाट पडले. सात वर्षांनी हो म्हनाले.

जहाजाचं काय सांगू. आत गेलं का जहाजात हाय असं वाटतच नाय, गालिचे, काचेची लिफ्ट, गळ्यात एक कार्ड, त्या कार्डानंच दार उघडायचं. आनि खानं! दिवसभर कुठं ना कुठं मांडलेलंच. सकाळी एका हॉलात हातानं घ्यायचं, तिथं डोसे, अंडी, इडल्या, फळं अशी कापलेली का खाऊ का बघू. वर पोहायच्या तळ्याजवळ पिझ्झा, तिथं बायका पान्यात पाय सोडून खात बसलेल्या. एकीकडं चायनीज, एकीकडं जैनांचं बिनकांद्याचं, एकीकडं नुसतं गोड. पन्नास भाज्या नि मीठ एकीत धड नाय, हे मी यांना बोलले, हे हसले. दुपारी नि संध्याकाळी मोठ्या खोलीत टेबलावर बसायचं, आमचं टेबल ठरलेलं, वाढपी ठरलेला, गोव्याकडचा टकला मानूस, माझ्या धाकट्या दिराच्या वयाचा. तो एक आनायचा, ते उचलायचा, मंग दुसरं आनायचा.

दिनेशला आमच्यात बसायची परवानगी नाय. तो खाली भट्टीवर, आमी वर. दिवसातून एकदा अर्धा तास आमच्या खोलीत यायचा, तोंडाला पीठ तसंच. मंग त्यानं काय केलं, त्या टकल्याला सांगून ठेवलं का माझ्या बापाचं ताट मोरीत टाकू नको, आधी मला दाखव. बापानं शिकवलेलं ना.

पैल्या दुपारी यांच्यापुढं डाळभात, मासा, दिनेशच्या हातचे छोटे गोल पाव आले. यांनी पाव उचलला, वास घेतला, तुकडा तोंडात टाकला, चावला, आनि तो आत जाईना. डोळ्यांत पानी आलं. रुमालात काढून घेतला. मी म्हटलं असू द्या, मी जेवते, तर तेवढ्यात टकल्यानं येऊन ताट उचललंन. भरलेलं. चाळीस वर्षांत पैल्यांदा यांचं ताट माझ्या पुढनं गेलं.

अर्ध्या तासात दिनेश खोलीत. तोंड एवढंसं झालेलं. बाबा, एक तुकडा तोडून पाव तसाच टाकलात? हे भिंतीकडं बघत बसले. दिनेश बोलला, अजून राग हाय का तुमचा? आनि त्याचा आवाज फुटला, ताई, तीस वर्षांचा बाप्या, टोपी काढून हातात धरून उभा. तो गेल्यावर हे मला म्हनाले, चांगुने, त्याला वाटतंय मी टाकून दिलं. मी म्हटलं, घसा दाखवा त्याला, खालच्या मजल्यावर डॉक्टर हाय, मला दिनेशनं दार दाखवलंय. तर म्हनाले, हे चार दिवस नको. चार दिवस त्याला बापानं खाल्लं असं वाटू दे, मंग ठाण्याला जायचंच हाय. आनि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवलान. म्हनाले, माझं ताट तू संपव. तुला काय नवीन हाय का ते.

नवीन नव्हतं. तेच तर झालं.

चार दिवस मी दोघांचं जेवले. टकला तोंड फिरवायचा का मी यांचं ताट माझ्याकडं ओढायची, माझं रिकामं झालेलं यांच्याकडं. घाईघाईनं, न चावता. हे नुसतं दूध नि सूप प्यायचे, तेही वाटी दोन्ही हातांत धरून. मासे, कोंबडी, पुलाव, केक, दिनेशनं भाजलेला एकेक पाव. लोकांना वाटलं असंल काय हावरी म्हातारी. खोलीत जाऊन ओकायची, तोंड धुवायची, परत यायची. आनि दिनेश यायचा तो नाचत यायचा. बाबा, चाटून पुसून खाल्लंत आज! हे मान हलवायचे. पैल्यांदा मी बापलेकांना एकमेकांच्या डोळ्यांत बघताना बघितलं. खोटं नाय बोलत, ताई, ते बघून मलाही वाटलं चाललंय ते चालू दे.

शेवटच्या दिवशी दुपारी टकल्यानं झाकलेलं ताट आनलं. झाकन काढलं तर तांदळाची भाकरी. दिनेशनं त्याच्या मोठ्या साहेबाला विचारून भट्टीवर थापली व्हती, एवढ्या मोठ्या जहाजात, समुद्रात, आमची भाकरी, शेजारी लसनाची चटनी. यांनी पापुद्रा काढला, बोटाएवढा, जिभेवर ठेवला. गिळायचा लय प्रयत्न केला, मानेच्या शिरा फुगल्या, टेबलाची कड घट्ट धरली. नाय गेला. तो पापुद्रा काढून त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला आनि ताट माझ्याकडं सरकवलं. बोलले, चांगली झालीय गो. काठ कच्चा नाय राहिला. मी ती भाकरी खाल्ली. तो पापुद्रा पन खाल्ला. नसता खाल्ला, तसाच ताटात राहू दिला असता, तर दिनेशला कळलं असतं, त्याला ताट वाचता येतं. मी पुसून दिलं ताट. टकल्यानं मोबाइलवर फोटो काढला, हे खुर्चीत बसलेले, पुढं रिकामं ताट.

बंदराला उतरलो तर दिनेश म्हनाला, आई, बाबांचं खानं सुधारलंय, मी रोज ताट बघितलंय, ती दुर्बीन आता माझ्या पुढच्या सुट्टीत करू, उगाच म्हाताऱ्याच्या घशात नळ्या कशाला. मी यांच्याकडं बघितलं. यांनी माझ्याकडं. यांना त्या नळीची भीती वाटत व्हती, मला माहीत व्हतं. तिथं मी तोंड उघडायचं व्हतं. शपथ चार दिवसांची व्हती, ती संपली व्हती. तरी मी नाय बोलले. का नाय बोलले ते मला आजही सांगता येत नाय. दिनेश हसत व्हता, येवढंच आठवतंय.

तो जहाजावर गेला नि इकडं हे वाळत गेले. फोनवर विचारायचा, जेवतात ना? हे मागनं खूण करायचे, हो सांग. मी हो सांगायची. पानी पन उतरेना तवा भाच्यानं गाडी करून ठाण्याला नेलं, दिनेश धावत आला. तिथला डॉक्टर म्हनाला, लय उशीर केलात, कधीपासून गिळता येत नव्हतं? आनि माझा पोरगा त्या डॉक्टरशी भांडायला लागला, नाय हो, जहाजावर सगळं खात व्हते, मी स्वतः ताटं बघितलीत. मी तिथंच बाकावर बसलेली. पदराचं टोक दातात धरून बसलेली.

हे गेले. त्याला दुसरं वरीस.

दिनेशनं जहाज सोडलं. टोकावड्याला बापाच्याच जागेवर उभा राहतो, त्याच भट्टीवर. भिंतीला तो फोटो लावलाय. गिऱ्हाईक विचारतं, हे कोन, तर सांगतो, माझे वडील, माझ्या हातचं खायचे नाय, पन शेवटी जहाजावर चार दिवस पोटभर जेवले, एक कन ताटात ठेवला नाय. मी मागं भाकऱ्या थापत असते, मला ऐकू येतं. दिवसातून दोनदा, तीनदा. त्याच्याकडं बापाचं तेवढंच हाय. ते मी काढून घेतलं तर त्याला काय राहील? आनि नाय सांगितलं तर मी काय तोंडानं वर जाऊ? डॉक्टर खालच्या मजल्यावर बसलेला व्हता, आनि मी वर केक खात व्हते. लोक म्हनतात वेळ गेली का दुःख कमी होतं. माझं तर रोज वाढतंय, रोज भाकरी थापताना वाढतंय.

हे तुमी लिवून घेतलंत. आता कधीतरी ते त्याच्या हातात पडंल. पडू दे. मला तोंडानं जमायचं नाय. नाव बदलू नका, चांगुनाच ठेवा.

यांचं ताट हाय घरात, नाव घातलेलं, त्यातच जेवते अजून. दिनेश वाढतो मला. पन आता मी जातील तेवढेच घास खाते नि बाकीचं तसंच ठेवते, कधी निम्मं, कधी जास्ती, झाकत नाय, कुत्र्याला घालत नाय. तो ताट उचलायला येतो नि बघत उभा राहतो. विचारतो, आई, काय झालं? मी म्हनते, काय नाय, जात नाय आज. तो ताट हातात धरून उभाच राहतो.

बरं, दुपार झाली. तुमी जेवून जा, ताई, उपाशी नका जाऊ माझ्या दारातनं, देव तुमचं भलं करो. जाईल तेवढं खा. नाय गेलं तर माझ्यासाठी म्हनून संपवू नका. ताटात राहू द्या. मी बघन.